डोळ्यांचे रक्षण करणाऱ्या आखूड माळा

आपला डोळा दिवसभर उघडा असतो. धूळ, वारा आणि त्यांबरोबर येणारे जीवाणू त्यावर सारखे आदळत असतात. तरीही डोळा रोज बिघडत नाही. असे का बरे?

१९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी दाखवून दिले, की अश्रूंत जीवाणूंचे आवरण विरघळवणारे एक प्रथिन असते. त्याला त्यांनी 'लायसोझाइम' असे नाव दिले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. आपल्या लायसोझाइममध्ये असे १३० मणी असतात. अशीच पण आखूड माळ म्हणजे 'पेप्टाइड'. डोळ्याच्या पृष्ठभागावरील पेशी जीवाणूंशी लढण्यासाठी पेप्टाइडेही तयार करतात. त्यांपैकी 'एलएल-३७' मध्ये अवघे ३७ मणी असतात.

ही माळ जीवाणूला मारते कशी? तिच्यावर धन विद्युतभार असतो, तर जीवाणूच्या आवरणावर ऋण भार. विजातीय भार एकमेकांना ओढतात, हे तुम्ही शिकलाच आहात. माळ आवरणाला चिकटते, त्यात घुसते आणि ते फोडते. आतील द्रव्ये गळून जातात व जीवाणू मरतो. आपल्या पेशींच्या आवरणाच्या बाहेरील थरात ऋण भार फारच कमी असल्याने त्या बहुधा बचावतात.

हीच युक्ती औषधांतही आहे. १९४७ साली मातीतील जीवाणूपासून मिळालेल्या 'पॉलिमिक्सिन' या गटातील 'पॉलिमिक्सिन बी' हे पेप्टाइड आजही डोळ्यांत घालायच्या काही थेंबांत वापरतात. अस्वच्छ कॉन्टॅक्ट लेन्समुळे बुबुळावर व्रण पाडणाऱ्या 'स्यूडोमोनास' जीवाणूंवर ते मारा करते. असा व्रण चिघळला, तर दृष्टीही जाऊ शकते.

नव्या पेप्टाइडांपुढे मात्र एक अडचण असते. अश्रू त्यांना धुऊन नेतात आणि एंझाइमे माळेचे तुकडे करतात. म्हणून शास्त्रज्ञ नेहमीच्या अमिनो आम्लांच्या जागी त्यांचीच आरशातील प्रतिमा शोभतील असे मणी गुंफून पाहत आहेत. ते तोडणे एंझाइमांना सहज जमत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. भाताचे पाते लागून झालेला डोळ्यातील व्रण पुष्कळदा बुरशीचा असतो. त्यावर जीवाणूंसाठीचे थेंब चालत नाहीत. म्हणून घरात उरलेले थेंब कधीही डोळ्यांत घालू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. ते व्रणाचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शत्रू कोण हे कळले, म्हणजेच योग्य शस्त्र निवडता येते!