स्थलांतरितांची शिदोरी : लेस्टरचे गुजराती आणि पूर्व लंडनचे सिल्हेटी

एखाद्या समाजाची सांपत्तिक स्थिती पाहिली की, तिच्यावरून त्या समाजाच्या स्वभावाचा निवाडा करून मोकळे होण्याची सवय आपणा सर्वांनाच आहे. अमुक लोक जात्याच व्यापारी, तमुक लोक कष्टाळू खरे पण हिशेबात कच्चे, आणि आपण मराठी माणसे तर धंद्यासाठी जन्मलेलीच नाही, अशी वाक्ये आपण इतक्या वेळा ऐकतो की, ती एकदा तपासून पाहावीत असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. ही तपासणी करावयाची तर स्थलांतरित समाजांकडे पाहावे. मनुष्य परक्या देशात उतरला की, गावातला मानपान, ओळखीपाळखी आणि वाडवडिलांची पुण्याई ही बव्हंशी मागे राहतात. त्याने बरोबर काय आणले आणि पुढे त्याला काय मिळाले, या दोन रकमांचा हिशेब मग पुष्कळसा स्वच्छ मांडता येतो.

या विवेचनासाठी मी इंग्लंडमधील दोन समाज निवडले आहेत. पहिला, पूर्व आफ्रिकेतून येऊन मुख्यतः लेस्टर शहरात आणि लंडनच्या वायव्य भागात स्थिरावलेला गुजराती समाज. दुसरा, आजच्या बांगलादेशातील सिल्हेट भागातून येऊन पूर्व लंडनमध्ये वस्ती केलेला बंगाली समाज. दोघेही एकाच उपखंडातले, एकाच साम्राज्याचे एके काळचे प्रजाजन. इंग्लंडात दोघांची मोठी वस्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. गोऱ्या शेजाऱ्याने दोघांना हिणवताना काही फरक केला नाही. १९२१ साली नव्हे, अगदी अलीकडे, २०२१ च्या शिरगणतीत लेस्टरमध्ये भारतीय वंशाच्या लोकांचे प्रमाण शेकडा ३४ आणि पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स विभागात बांगलादेशी वंशाच्या लोकांचे प्रमाणही जवळजवळ तितकेच, म्हणजे दर तीन माणसांमागे एक, असे आढळले.

साम्य येथेच संपते. ब्रिटनमधील भारतीय कुटुंबांपैकी सुमारे शेकडा ७० कुटुंबे मालकीच्या घरात राहतात. बांगलादेशी कुटुंबांत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. बांगलादेशी मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले, घरभाडे वजा जाता दारिद्र्यरेषेखाली मोजल्या जाणाऱ्या घरांत वाढतात. ‘भारतीय’ या सदरात पंजाबी, गोमंतकीय, मराठी असे सारेच येतात, ही गोष्ट हे आकडे वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे. तरीही दोन समाजांतील अंतर त्यामुळे नाहीसे होत नाही. ते अंतर कशामुळे पडले?

प्रथम पूर्व आफ्रिकेतील गुजरात्यांकडे वळू. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला आणि त्यासाठी सुमारे ३२,००० हिंदी मजूर नेण्यात आले. आफ्रिकेतील हिंदी लोक म्हणजे याच मजुरांची संतती, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. मजुरांपैकी बहुसंख्य लोक परत आले. पुढे जो समाज तेथे वाढला तो मुख्यत्वे कच्छ, काठेवाड आणि गुजरातेतून स्वतःच्या खर्चाने गेलेल्या दुकानदारांचा, कारकुनांचा आणि कारागिरांचा. तेथे दुकानाला ‘दुका’ म्हणत, आणि रानावनात मीठ, कापड, कंदील विकणारा ‘दुकावाला’ हा त्या भूमीच्या बाजारव्यवस्थेचा कणा बनला.

इंग्रजी राज्याने तेथे तीन थरांची उतरंड रचली होती. वरती गोरे अधिकारी आणि जमीनदार, मध्ये हिंदी व्यापारी, खाली आफ्रिकन शेतकरी. केनियातील उत्तम उंच प्रदेशात हिंदी माणसाला शेतजमीन घेता येत नसे. त्याने मग शहरात आणि व्यापारात पैसा घातला. दोन-तीन पिढ्यांत त्याच्या घरी जमाखर्चाची रीत, उधारीची पत, इंग्रजी शाळा आणि केंब्रिजच्या परीक्षांना बसणारी मुले, हे सारे आले. हे वैभव खालच्या थरातील आफ्रिकन माणसाला वर येण्यास अवसर नसलेल्या व्यवस्थेत मिळाले होते, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. त्या रोषाचा भडका पुढे उडाला. १९६७ पासून केनियात परदेशी नागरिकांच्या नोकऱ्यांवर आणि व्यापारावर निर्बंध आले. ब्रिटिश पासपोर्ट बाळगणारे हिंदी लोक लंडनकडे निघाले, तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने १९६८ साली अवघ्या काही दिवसांत कायदा करून त्यांच्यापुढे दार लोटून घेतले. आणि ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांच्या हकालपट्टीची घोषणा केली. मुदत ९० दिवसांची होती. सुमारे २८,००० माणसे त्या वेळी ब्रिटनमध्ये आली. बरोबर नेण्यास परवानगी होती ती एका कुटुंबामागे सुमारे ५० पौंडांची.

लेस्टरच्या नगरपालिकेने तर ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात जागा नाही, येऊ नका, असे कळवले होते. लोक तरीही आले. काल गल्ल्यावर बसणारा मालक आज होजियरीच्या कारखान्यात पाळीवर जाऊ लागला, आणि त्याची बायकोही दुसऱ्या पाळीवर जाऊ लागली. पैसा मागे राहिला होता, परंतु त्यांची शिदोरी डोक्यात होती. इंग्रजीतला अर्ज कसा लिहावा, बँकेच्या व्यवस्थापकाशी कसे बोलावे, माल उधार कसा उचलावा, हे त्यांना ठाऊक होते. आणि संपूर्ण कुटुंबे, नव्हे संपूर्ण आळ्याच्या आळ्या, एकदम उठून आल्यामुळे पतीला जामीन राहणारा मामा आणि दुकान सांभाळणारी वहिनी शेजारीच होती. बेलग्रेव्ह रस्त्यावरची स्वस्त, जुनी घरे त्यांनी विकत घेतली, खाली दुकाने काढली, आणि वीस-पंचवीस वर्षांत तो रस्ता शहराचे भूषण झाला.

आता सिल्हेट्यांची कथा पाहा. आगबोटींच्या काळात इंग्रजी कंपन्या हिंदी खलाशी अल्प पगारावर ठेवीत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर आपल्या रत्नागिरीकडचे खलाशी डेकवर असत आणि गोमंतकीय लोक खानपानाच्या सेवेत असत. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींच्या इंजिनघरात भट्टीत कोळसा लोटणारे ‘आगवाले’ मोठ्या संख्येने सिल्हेटचे असत. त्यांतले काही लंडनच्या गोदीत उतरून परत चढलेच नाहीत. त्यांनी हॉटेलांच्या भटारखान्यांत भांडी घासली आणि पुढे खाणावळी काढल्या. इंग्लंडात ज्याला ‘इंडियन रेस्टॉरंट’ म्हणतात, ती बहुतांश या सिल्हेट्यांचीच आहेत, हे आपल्याकडे अनेकांना माहीत नसते.

१९६२ च्या कायद्याने ब्रिटनमधील मुक्त प्रवेश बंद झाला आणि नोकरीचे परवाने सुरू झाले. तेव्हा आधी गेलेल्यांनी भाऊबंदांसाठी परवाने मिळवले. आलेले हे लोक शेतकरी होते, तरुण होते आणि एकटे होते. गिरणगावात एका गाळ्यात वीस-वीस कोकणी चाकरमानी वळकट्या टाकून राहत, खानावळीत जेवत आणि महिन्याकाठी मनिऑर्डर करीत. त्यांचे जीवन ज्यांनी पाहिले किंवा ऐकले असेल, त्यांना ब्रिक लेनच्या परिसरातील या सिल्हेट्यांच्या जीवनाची कल्पना सहज येईल. मन गावी, शरीर कारखान्यात. मिळकत गावाकडे जाई. तेथे जमीन आणि पक्के घर होई. ज्या शहरात कमावले त्या शहरात गुंतवणूक होत नसे, कारण तेथे कायमचे राहावयाचे नव्हते.

कुटुंबे आणण्याचा विचार झाला तो फार उशिरा. १९७१ च्या मुक्तिसंग्रामाने आणि त्यानंतरच्या हालांनी तो पक्का केला. परंतु बायकामुलांच्या अर्जांची छाननी वर्षानुवर्षे रेंगाळे. बहुसंख्य कुटुंबे लंडनला पोचली ती सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात. नेमक्या त्याच वेळी ज्या कापड गिरण्यांनी आणि शिवणकामाच्या कारखान्यांनी त्या पुरुषांना बोलावले होते, ते बंद पडू लागले होते. लंडनच्या गोद्याही एकामागून एक मिटल्या. म्हणजे कुटुंब आले तेव्हा मिळकत गेली. गुजराती घरात दोन माणसे कमावती होती. सिल्हेटी घरात एकच कमावता, तोही बेकार, आणि खाणारी तोंडे अधिक. खेड्यातून थेट आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या स्त्रीला बाहेर काम मिळणे दुरापास्त होते. फार तर घरी यंत्र ठेवून नगावर शिवणकाम. लंडनमधील घर विकत घेणे तर दूरच. नगरपालिकेच्या अपुऱ्या खोल्यांत दाटीवाटीने राहावे लागे. १९८६-८७ साली पार्लमेंटच्या समितीने या समाजाविषयी स्वतंत्र अहवाल दिला, आणि घर, नोकरी, शिक्षण या बाबतींत तो इतर स्थलांतरितांपेक्षा अधिक मागे असल्याचे नमूद केले.

द्वेषाचा वाटा मात्र दोघांनाही मिळाला, आणि दोघांनीही त्यास उत्तर दिले. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या शिवणकाम करणाऱ्या तरुणाचा पूर्व लंडनमध्ये रस्त्यात खून झाला. दहा दिवसांनी सुमारे सात हजार लोक त्याच्या शवपेटिकेमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. गुजराती समाजातही सारे काही गोड नव्हते. १९७४ साली लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर्स कारखान्यात आशियाई कामगारांनी भेदभावाविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांच्याच युनियनने त्यांना साथ दिली नाही. १९७६ साली लंडनच्या ग्रनविक कारखान्यात जयाबेन देसाई यांनी उभारलेला लढा जवळजवळ दोन वर्षे चालला आणि अखेर अयशस्वी झाला. जे आज सुखवस्तू दिसतात त्यांनी हेही दिवस काढले आहेत.

येथे कोणी म्हणेल की, परिस्थितीलाच सारे श्रेय आणि सारा दोष दिला, तर माणसाच्या कर्तृत्वाला काय किंमत उरली? शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर सिल्हेट्यांच्या मुलांनीच दिले आहे. १९९० च्या दशकात टॉवर हॅम्लेट्सच्या शाळा देशातील अगदी तळाच्या शाळांत गणल्या जात, आणि शालान्त परीक्षेत बांगलादेशी मुले गोऱ्या मुलांच्या पुष्कळ मागे असत. या मुलांना बुद्धी नाही, घरी संस्कार नाहीत, असे निदान करणारेही त्या वेळी होते. त्यानंतर त्या शाळांवर पैसा खर्च झाला, चांगले शिक्षक आणण्यात आले, आणि २००३ पासून राजधानीतील शाळा सुधारण्याची ‘लंडन चॅलेंज’ ही योजना राबवली गेली. इंग्लंडात जन्मलेली, इंग्रजी बोलणारी पिढीही वर्गात येऊन बसली. परिणाम असा झाला की, २०१२ च्या सुमारास बांगलादेशी मुलांनी शालान्त परीक्षेत गोऱ्या मुलांना मागे टाकले, आणि आज विद्यापीठात जाण्याचे त्यांचे प्रमाणही अधिक आहे. एका पिढीत कोणाचे रक्त बदलत नसते. बदलली होती ती शिडी. चढण्याची हिंमत मुलांची आणि त्यांच्या आईबापांची स्वतःची होती.

हे चित्र अजून पुरे झालेले नाही. पदवी हाती आली तरी नोकरी आणि पगार यांत ही मुले अद्याप मागे पडतात. शिफारस करणारा काका कचेरीत नसतो, घर भाड्याचे असते आणि नावावरून अर्ज बाजूला पडतो. विद्या एका पिढीत मिळू शकते. संचय आणि संबंध यांना दोन-तीन पिढ्या लागतात. गुजरात्यांच्या त्या पिढ्या आफ्रिकेत होऊन गेल्या होत्या. इंग्लंडने त्या पाहिल्या नाहीत, म्हणून त्याला हा सारा चमत्कार वाटला. ब्रिक लेनच्या कोपऱ्यावर एक इमारत आहे. १७४३ साली ती फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट लोकांनी प्रार्थनामंदिर म्हणून बांधली, १८९८ साली ज्यूंनी तिचे सिनॅगॉग केले, आणि १९७६ पासून ती मशीद आहे. आधीचे दोन्ही समाज एके काळी त्या वस्तीचे कंगाल रहिवासी होते. त्यांची मुलेनातवंडे वर चढून दुसरीकडे गेली, आणि रिकामी जागा नव्या माणसांनी घेतली.

या तुलनेतून आपण काय घ्यावे? मुंबईत पेढी आणि पत घेऊन आलेला व्यापारी आणि केवळ दोन हात घेऊन गिरणीत शिरलेला कोकणी किंवा घाटावरचा मनुष्य, यांच्यातील अंतराला आपण ‘मराठी स्वभाव’ असे नाव देऊन टाकले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि गिरणी कामगाराच्या पायाखालची शिडी निघून गेली. तेव्हाही आपण शिडीचा विचार करण्याऐवजी स्वभावाचीच चर्चा केली. स्वतःच्या समाजाला नावे ठेवणे आणि दुसऱ्याच्या समाजाला नावे ठेवणे, या दोन्ही गोष्टी मुळात एकाच आळसातून निघतात.

आपल्या शहरांत आज जे नवे लोक कामासाठी येत आहेत, त्यांच्याविषयी मत बनवण्यापूर्वी चार साधे प्रश्न विचारावेत. यांनी बरोबर काय आणले? हे एकटे आले की कुटुंबासह? आले तेव्हा शहरात कामाची चढती होती की उतरती? आणि यांच्या मुलांना आपण कोणती शाळा दिली? यांपैकी पहिल्या तिन्हींवर आपला फारसा इलाज चालत नाही. चौथ्याचे उत्तर मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे, आणि सिल्हेट्यांच्या मुलांचा दाखला पाहता, वीस-पंचवीस वर्षांनी त्या समाजाचा ‘स्वभाव’ कसा ठरणार, हे बऱ्याच अंशी त्या उत्तरावर अवलंबून आहे.