विद्यापीठीय परिसरातील सीपीआरविषयक ज्ञान व जीवनरक्षक प्रशिक्षणाविषयीची अभिवृत्ती

प्रस्तावना :

हृदयक्रिया अकस्मात बंद पडलेली व्यक्ती काही क्षणांतच बेशुद्ध होते. प्राणवायू न मिळाल्यास साधारणतः चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. कोणतीच मदत मिळाली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी एवढ्या अवधीत ती ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर पोहोचेलच असे नाही. त्या मिनिटांत रुग्णाजवळ असतो तो विद्यार्थी, प्राध्यापक, शिपाई अथवा सुरक्षारक्षक. या घटकांना हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाची म्हणजेच सीपीआरची कितपत माहिती असते आणि त्याच्या प्रशिक्षणाकडे ते कोणत्या दृष्टीने पाहतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सीपीआर : संकल्पना व कृती

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० साली छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे प्रसिद्ध केले. यांपैकी कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते होते. सरावासाठी वापरला जाणारा मानवाकृती पुतळा त्याच सुमारास नॉर्वेतील लेर्डाल या खेळणी बनविणाऱ्या उद्योजकाने तयार केला. या विद्येच्या उभारणीत वैद्यकाबाहेरील व्यक्तींचा असा वाटा आहे, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय वाटते.

कृती थोडक्यात अशी : व्यक्ती प्रतिसाद देत नाही व तिचा श्वास नेहमीसारखा चालत नाही असे दिसताच मदत मागवावी, तिला कठीण पृष्ठभागावर उताणे झोपवून छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताच्या टाचेने मिनिटाला १०० ते १२० या गतीने ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. प्रशिक्षित व्यक्ती ३० दाबांनंतर दोन कृत्रिम श्वास देते. सामान्य नागरिकांसाठी मात्र भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये केवळ छातीवरील दाबांची पद्धत पुरस्कृत केली. तोंडाने श्वास देण्याचा संकोच हे मदत न करण्याचे एक प्रमुख कारण असल्याने हा बदल मोलाचा आहे.

ज्ञान आणि अभिवृत्ती यांतील अंतर

अशा विषयाचे अध्ययन बहुधा प्रश्नावलीद्वारे केले जाते. ‘सीपीआर शिकण्याची तुमची इच्छा आहे काय?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर कोण देईल? इच्छेची अशी नोंद ही अभिवृत्तीची खरी कसोटी नव्हे. त्याचप्रमाणे दाबांची संख्या अचूक लिहिणाऱ्या व्यक्तीला ५ सेंटिमीटर म्हणजे हातांना किती जोर, हे ठाऊक असतेच असे नाही. प्रस्तुत लेखकाने प्राध्यापकांसाठीच्या एका कार्यशाळेत पुतळ्यावर दाब देऊन पाहिले, तेव्हा दुसऱ्या मिनिटातच दंड भरून आले. त्या कार्यशाळेस शंभरावर उपस्थिती होती आणि पुतळा एकच होता. बहुतेकांनी हात न लावताच प्रमाणपत्र घेतले.

ज्ञानातील उणिवाही विशिष्ट स्वरूपाच्या असतात. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे यांत गल्लत केली जाते. झटक्यात रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो व त्याला छातीदाबांची गरज नसते. याउलट हृदय बंद पडल्यावर काही वेळ येणारे तुटक आचके श्वास समजले जातात आणि मोलाची मिनिटे निघून जातात.

न करण्यामागे तीन भीती दिसतात : बरगडी मोडेल, स्त्री रुग्णाला स्पर्श कसा करावा, आणि पोलिसांचा ससेमिरा लागेल. बरगडी मोडू शकते, हे खरे; परंतु हृदय बंद असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत न केलेली मदत त्याहून घातक ठरते. स्पर्शाचा संकोच व्याख्यानाने जात नाही. त्यासाठी मुलामुलींनी एकत्र सराव करणे आवश्यक आहे. कायद्याविषयी थोडा तपशील हवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४ अ मदतकर्त्याला संरक्षण देते, परंतु ते रस्ता अपघातापुरते आहे. वर्गात कोसळलेल्या व्यक्तीस सद्भावनेने केलेल्या मदतीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चा आधार घेता येतो. ही माहिती प्रशिक्षणात क्वचितच दिली जाते.

प्रशिक्षणाची दिशा

डेन्मार्कमध्ये २००५ पासून शाळांत व २००६ पासून वाहन परवान्यासाठी पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण आवश्यक करण्यात आले. तेथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी प्रत्यक्षदर्शींकडून सीपीआर मिळालेल्यांचे प्रमाण २००१ मधील सुमारे २१ टक्क्यांवरून २०१० मध्ये सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. याच काळात इतर सुधारणाही झाल्या, त्यामुळे सर्व श्रेय प्रशिक्षणास देता येणार नाही. तरीही सक्तीच्या सरावाचा वाटा नाकारता येत नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर आणि राष्ट्रीय छात्र सेना ही तयार व्यासपीठे आहेत. त्यांतील एक दुपार पुतळ्यांवरील सरावासाठी राखणे अवघड नाही. कौशल्य काही महिन्यांतच मंदावते, म्हणून दरवर्षी लहानशी उजळणी हवी. मात्र सुरुवात विद्यार्थ्यांपासून करण्याऐवजी सुरक्षारक्षक, वसतिगृहाचे कर्मचारी, क्रीडाशिक्षक व ग्रंथालय परिचर यांच्यापासून करावी. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो. रात्रपाळीचा रक्षक मात्र वसतिगृहाच्या दाराशी असतो आणि बहुतेक प्रशिक्षणांच्या निमंत्रण यादीत त्याचेच नाव नसते.