नट किती वेळा आवळणार?

यंत्रमागाच्या गावात मोटारसायकल ही हौसेची नव्हे, धंद्याची वस्तू आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे छोटा व्यापारी कापडाचे ताके मागच्या सीटवर बांधून दुकानोदुकानी फिरतो. वहीतील एक-एक रुपया तो तपासतो, पण ज्या ब्रेकवर माल आणि जीव दोन्ही अवलंबून, त्याकडे त्याचे लक्ष नसते. मीही त्यातलाच एक होतो.

एकदा ताके लादून पुलाच्या उतारावरून येत होतो. समोर हातगाडी आडवी आली. मागचा ब्रेक जोराने दाबला, पण वेग उतरेना. पुढच्या ब्रेकने कसेबसे निभावले. हातगाडीवाला आणि माझ्यामध्ये वीतभर अंतर उरले होते. दोष गाडीचा नव्हता, माझा होता. पेडल ढिले झाले की मी नट आवळायचो आणि काम झाले असे समजायचो.

१९८५ ची हिरो होंडा सीडी १०० किंवा १९९४ ची स्प्लेंडर, अशा गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतो. पेडल दाबले की सळई ओढली जाते, आर्म फिरतो आणि आतील कॅम दोन शू ड्रमवर दाबतो. या शूंनाच गॅरेजमध्ये लायनर म्हणतात. लायनर झिजला की पेडल ढिले पडते. नट आवळल्याने ढिलेपणा जातो, झीज भरून निघत नाही. म्हणजे उधारी फिटली नाही, फक्त तारीख पुढे गेली.

मग खरा हिशेब कसा पाहावा? गाडी थंड असताना सपाट जागी मेन स्टँडवर लावा. पेडल हाताने दाबून पाहा. ब्रेक लागण्यापूर्वी ते साधारण २ ते ३ सेंटिमीटर खाली जावे. जास्त जात असेल तर नट आवळा, पण चाक मोकळे फिरले पाहिजे. घासत राहिले तर ड्रम तापतो. आता पेडल पूर्ण दाबून आर्मजवळचा बाण पाहा. तो ब्रेक प्लेटवरील खुणेला भिडला असेल तर लायनर संपला. नवी जोडीच बसवावी, एकच शू बदलू नये. काही कारागीर आर्म काढून एक दाता सरकवून बसवतात. त्याने पेडल सुधारते, पण बाण खोटे बोलू लागतो. असे करू देऊ नका.

लायनर घरी बदलता येतो. सळईचा नट, ब्रेक प्लेट धरणाऱ्या पट्टीचा नट व एक्सल काढल्यावर चाक सुटते आणि प्लेट शूसह बाहेर येते. आतील भुकटी तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने पुसा. लायनरवर नुसती चमक आली असेल तर काचपेपरने हलके घासा. साखळीचे तेल मुरले असेल तर तो फेकून द्या. कॅमला किंचित ग्रीस लावा, मात्र लायनर व ड्रमला त्याचा स्पर्शही नको. ड्रमला खोल चरे दिसले तर मिस्त्रीकडे न्या.

चाक बसवताना पेडल दाबून धरा आणि मगच एक्सलचा नट पक्का करा, म्हणजे शू मधोमध बसतात. पट्टीच्या नटाला पिन असेल तर नवी घाला. ही पट्टी सुटली तर प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक अडकू शकते. शेवटी मागचा दिवा लागतो का ते पाहा. प्रथम रिकाम्या गल्लीत, माल न लादता, सावकाश चालवा.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी. पर्यंतच्या नव्या दुचाकींना जोड-ब्रेक किंवा एबीएस सक्तीचे झाले. जोड-ब्रेकमध्ये मागचे पेडल पुढचा ब्रेकही ओढते. अशा गाडीत घरगुती हात घालू नये.

व्यापारी बंधूंनो, या कामाला सुटीची एक सकाळ पुरते आणि लायनरची जोडी ताक्याच्या किमतीपुढे काहीच नाही. दर महिन्याला वही मिळवता, त्याच दिवशी तो बाणही पाहत जा.