युवा केंद्राला कुलूप लागते तेव्हा...

लंडन शहरात २०१० ते २०१९ या काळात सुमारे ३० टक्के युवा केंद्रे बंद झाली. शाळा बंद पडली, तर तेथील मुले कोठे जातील, हा प्रश्न लगेच विचारला जातो. दवाखाना बंद पडला, तर रुग्णांचे हाल सर्वांना दिसतात. मात्र कॅरम, टेबल टेनिस, चार जुन्या खुर्च्या आणि एक स्वयंपाकाचा ओटा एवढेच ज्याचे वैभव, असे एखादे केंद्र बंद झाले, तर नेमके काय बिघडते, हे सांगणे अवघड असते. म्हणूनच खर्चात कपात करण्याची वेळ आली, की पहिली कुऱ्हाड अशा केंद्रांवर पडते.

काय बिघडते, याचे बऱ्यापैकी नेमके उत्तर आता उपलब्ध आहे. ब्रिटनमधील ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ या संशोधन संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लंडनमधील किशोरवयीन मुलांच्या दोन गटांची तुलना करण्यात आली. घराजवळचे केंद्र बंद झालेली मुले एका गटात होती, तर केंद्र सुरू राहिलेली मुले दुसऱ्या गटात. वयाच्या सोळाव्या वर्षी होणाऱ्या आणि आपल्याकडील दहावीशी ढोबळमानाने तुलना करता येईल अशा ‘जीसीएसई’ परीक्षेत पहिल्या गटातील मुलांचे गुण घसरले. ही घसरण सरासरीने एका विषयातील सुमारे अर्ध्या श्रेणीएवढी होती. गुन्ह्यांच्या बाबतीतील निष्कर्ष अधिक गंभीर आहे. केंद्र बंद झाल्यानंतरच्या सहा वर्षांत या भागांतील १० ते १७ वर्षे वयोगटातील मुलांकडून गुन्हा घडण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. शिक्षणातील नुकसान गरीब कुटुंबांतील मुलांच्या वाट्याला अधिक आले.

याच अभ्यासातील हिशेबानुसार, केंद्रे बंद करून वाचवलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला सुमारे तीन पौंडांचा भुर्दंड सोसावा लागला. पोलीस, न्यायालये आणि शिक्षणाअभावी बुडालेली भावी कमाई अशा मार्गांनी तो वसूल झाला.

एका अहवालाचा वारसा

ब्रिटनमधील युवा केंद्रांची परंपरा जुनी आहे. ‘वायएमसीए’ची स्थापना लंडनमध्ये १८४४ साली झाली, ती कापडाच्या दुकानांत राबणाऱ्या, शहरात एकट्या पडलेल्या तरुणांसाठी. मुंबईतही ही संस्था १८७५ मध्ये आली. तथापि, युवा केंद्र ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हा विचार रुजण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. इंग्लंड आणि वेल्समधील युवा सेवेचा आढावा घेण्यासाठी १९५८ मध्ये लेडी अल्बमार्ल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि १९६० मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. सक्तीची लष्करी सेवा संपुष्टात येत होती, महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी वयात येत होती आणि शहरांतील तरुणांविषयी समाजात अस्वस्थता होती. या पार्श्वभूमीवर समितीने केंद्रांसाठी इमारती उभारण्याची, तसेच त्यांत काम करणारी माणसे प्रशिक्षित करण्याची शिफारस केली. त्यानुसार १९६१ मध्ये लेस्टर येथे युवा मार्गदर्शकांसाठी राष्ट्रीय प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले.

या अहवालाने युवा सेवेची तीन उद्दिष्टे सांगितली होती : सहवास, प्रशिक्षण आणि आव्हान. त्यांतील पहिला शब्द महत्त्वाचा आहे. तरुणांना प्रथम एकत्र येण्यासाठी जागा हवी, बाकीचे नंतर, असा त्याचा अर्थ.

परंतु या सेवेचा कायदेशीर पाया कच्चाच राहिला. शाळा चालवणे स्थानिक संस्थांना बंधनकारक आहे. युवा सेवा मात्र ‘व्यवहार्य असेल तेथवर’ पुरवावी, अशी इंग्लंडमधील कायद्याची भाषा आहे. २०१० नंतर काटकसरीचे धोरण आले आणि या पळवाटेचा परिणाम दिसू लागला. इंग्लंडमधील स्थानिक संस्थांचा युवा सेवेवरील खर्च, महागाई जमेस धरता, २०१०-११ ते २०१८-१९ या काळात सुमारे ७० टक्क्यांनी घटला.

केंद्रात नेमके काय होते?

अशा केंद्राचे काम बाहेरून पाहणाऱ्यास कामच वाटत नाही. शाळा सुटल्यानंतर मुले येतात, खेळतात, गाणी ऐकतात, काहीतरी शिजवून खातात आणि घरी जातात. नाव नोंदवण्यापलीकडे अट नसते. येणे ऐच्छिक असते आणि हेच या पद्धतीचे मुख्य सूत्र आहे. शाळेत जावेच लागते, दवाखान्यात आजारी पडल्यावर जावे लागते. केंद्रात मात्र मुलगा स्वतःच्या इच्छेने येतो आणि नकोसे वाटले, तर निघून जातो. त्यामुळे तेथील मोठ्या माणसाला अधिकाराच्या जोरावर काहीच करता येत नाही. मुलांचा विश्वास त्याला मिळवावा लागतो.

प्रशिक्षित युवा मार्गदर्शकाचे कौशल्य येथे लागते. नेहमी बडबड करणारा मुलगा चार दिवस गप्प आहे, एखादी मुलगी केंद्र बंद होईपर्यंत घरी जायला तयार नाही, एखाद्याच्या हातात अचानक महागडा मोबाइल आला आहे, अशा गोष्टी रोज भेटणाऱ्याच्याच लक्षात येतात. ‘तुला काय अडचण आहे?’ असा थेट प्रश्न विचारल्यावर पंधरा-सोळा वर्षांचे मूल सहसा ‘काही नाही’ असेच उत्तर देते. तेच मूल कॅरम खेळताना किंवा भांडी विसळताना, समोरच्याकडे न पाहता, मनातले बोलून जाते. मग गरजेप्रमाणे मार्गदर्शक त्याच्याबरोबर समुपदेशकाकडे, दवाखान्यात, शाळेत किंवा रोजगार कार्यालयात जातो. फॉर्म कसा भरावा, मुलाखतीला काय घालावे, बँकेत खाते कसे उघडावे, हे सांगणारे घरात कोणी नसेल, तर तेही काम त्याच्याकडे येते.

गुणांत पडलेला फरक आणि गुन्ह्यांत झालेली वाढ यांचा उलगडा येथे होतो. मुलांचे संध्याकाळचे तास तेथे सुरक्षित जातात, हा एक भाग. आई-वडील आणि शिक्षक यांच्याव्यतिरिक्त एका तिसऱ्या जबाबदार माणसाशी त्यांचे नाते जुळते, हा दुसरा आणि बहुधा अधिक मोलाचा भाग. केंद्राला कुलूप लागते, तेव्हा मुलांच्या हातून खेळाचे टेबल जाते आणि त्याबरोबर तो माणूसही जातो.

दुसरी बाजू

तथापि, युवा केंद्र उघडले की सर्व प्रश्न सुटतात, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. विकसनशील देशांत अनेक ठिकाणी प्रजनन आरोग्याच्या सेवा तरुणांपर्यंत पोहोचाव्यात, या हेतूने युवा केंद्रे उभारण्यात आली होती. त्यांच्या परिणामकारकतेचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तो निराशाजनक होता. केंद्रांत येणारे तरुण बहुतांशी खेळ आणि करमणुकीसाठी येत, आरोग्यसेवा घेणारे थोडे होते. येणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण मोठे होते, अनेक जण अपेक्षित वयापेक्षा मोठे होते आणि लांब राहणाऱ्यांना केंद्राचा फारसा उपयोग होत नव्हता.

हे दोन निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात ते एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. ‘खेळाच्या निमित्ताने मुले आली, की आपोआप सेवा घेतील’ हे गृहीतक चुकीचे होते. खेळाची खोली आणि तपासणीची खोली यांच्यामध्ये विश्वासाचा जो पूल लागतो, तो बांधणारा माणूस नसेल, तर दोन्ही खोल्या शेजारी असूनही मुलगा एकीतून दुसरीत जात नाही. मुलींचा प्रश्न तर त्याहून पुढचा. वेळ, रस्त्यावरचा उजेड, स्वच्छतागृह, स्त्री मार्गदर्शक आणि पालकांचा होकार यांचा विचार सुरुवातीसच केला नाही, तर ‘सर्वांसाठी खुले’ असलेले केंद्र प्रत्यक्षात मुलग्यांचेच होऊन बसते.

गोव्यातील ‘युवा मित्र’

हा पूल कसा बांधता येतो, याचे एक उदाहरण गोव्यात घडले. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने १६ ते २४ वर्षे वयाच्या तरुणांसाठी ‘युवा मित्र’ हा उपक्रम राबवला. त्यात तरुण केंद्रापर्यंत येतील, अशी वाट पाहिली गेली नाही. समवयस्क तरुणांना प्रशिक्षण देणे, शिक्षकांना तयार करणे आणि आरोग्यविषयक माहिती वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचवणे, असे त्याचे तीन भाग होते. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्राथमिक स्वरूपाचा, थोड्या वस्त्यांपुरता अभ्यास होता. तरीही ग्रामीण व शहरी अशा दोन्ही भागांत, उपक्रम न राबवलेल्या वस्त्यांच्या तुलनेत नैराश्याची लक्षणे आणि तरुणांच्या हातून होणारी मारहाण यांचे प्रमाण कमी आढळले. वस्तीतील माणसेच प्रशिक्षित केली, तर इमारतीशिवायही आधार उभा राहू शकतो, असे या अनुभवावरून दिसते.

महाराष्ट्रात काय आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात १० ते १९ वर्षे वयाची सुमारे २५ कोटी ३० लाख मुले-मुली होती. म्हणजे जवळपास दर पाच भारतीयांमागे एक. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ७ जानेवारी २०१४ रोजी ‘राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू केला. पोषण, प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा व अपघात, व्यसने आणि असंसर्गजन्य आजार असे सहा विषय त्यात आहेत. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी स्वतंत्र समुपदेशनाची सोय हा त्याचा एक भाग असून, महाराष्ट्रात ही केंद्रे ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने ओळखली जातात. गावपातळीवर ‘साथिया’ म्हणून मुलगे आणि मुली अशा दोघांनाही तयार करण्याची योजना याच कार्यक्रमात आहे.

क्रीडा आणि युवक व्यवहार खात्याची परंपरा वेगळी आहे. नेहरू युवा केंद्रे १९७२ पासून सुरू झाली आणि १९८७ मध्ये त्यांचे स्वायत्त संघटन झाले. गावोगावची युवक मंडळे त्यांच्याशी जोडलेली होती. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘मेरा युवा भारत’ ही नवी संस्था सुरू झाली. याशिवाय समाजाने स्वतः उभ्या केलेल्या जागा आहेतच. कोल्हापूरच्या तालमी, गावागावांतील व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळांची कार्यालये, सार्वजनिक वाचनालये आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका येथे तरुण रोज जमतात. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी तर १९४१ पासून मुले आणि मुली यांना एका मैदानावर आणले.

म्हणजे आपल्याकडे जागा आहेत आणि सेवाही आहेत. फक्त त्या एकमेकांपासून दूर आहेत. दवाखान्यात समुपदेशक आहे, पण तेथे जाताना कोणी पाहील, ही भीती आहे. तालमीत व मंडळात आपलेपणा आहे, पण मुलीला तेथे सहसा जागा नाही आणि मुलाला रडण्याची मुभा नाही. अभ्यासिकेत शांतता आहे. मात्र तिसऱ्या प्रयत्नातही परीक्षेत अपयश आलेल्या तरुणाशी बोलायचे कोणी, हे तेथे ठरलेले नाही. लंडन आणि गोव्याचे अनुभव जमेस धरले, तर पहिली गरज नव्या इमारतीची नाही, हे लक्षात येते. तरुण जेथे आधीच येतात, तेथे प्रशिक्षित, ठरलेल्या वेळी हजर असणारे आणि पुढची वाट ठाऊक असणारे माणूस हवे.

गोपनीयता आणि कायदा

विश्वासाला कायद्याची मर्यादा असते, हे अशा माणसाला ठाऊक असले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. त्यामुळे ‘तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही’ असे सरसकट आश्वासन देणे योग्य नाही. कोणत्या गोष्टी गुप्त राहतील आणि कोणत्या सांगाव्याच लागतील, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करणे हा प्रामाणिक मार्ग होय. कायद्यानेही काही दारे किलकिली केली आहेत. अल्पवयीन मुलीच्या संमतीच्या संबंधांतील गर्भपाताची माहिती देताना, तिने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास, डॉक्टरांनी तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटले आहे.

तातडीच्या मदतीसाठी दूरध्वनी सेवाही आहेत. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास आणि विनामूल्य उपलब्ध असून, तेथे मराठीतही बोलता येते. मात्र दूरध्वनी करण्याचे धैर्य होण्यासाठीही बरेचदा आधी कोणीतरी ‘करून बघ’ म्हणावे लागते.

पालकांनी आणि पालिकांनी काय पाहावे?

आपल्या भागातील युवा केंद्र, मंडळ वा अभ्यासिका उपयोगी आहे की नाही, हे ओळखण्यासाठी काही साधे प्रश्न पुरेसे आहेत. तेथे ठरलेल्या वेळी तेच माणूस भेटते का, की दर दोन महिन्यांनी बदलते? मुली येतात का आणि आल्यावर थांबतात का? अडचण सांगितल्यावर केवळ उपदेश होतो, की कोणी सोबत येते? येणाऱ्याला परीक्षा, पक्ष, जात किंवा देणगी यांची अट आहे का?

नगरपालिका आणि महापालिकांसाठी प्रश्न याहून एकच अधिक आहे. व्यायामशाळांचे साहित्य, समाजमंदिरांची बांधकामे आणि त्यांची उद्घाटने यांवरील खर्च अंदाजपत्रकात सहज दिसतो. त्या जागेत संध्याकाळी सहा ते नऊ बसणाऱ्या प्रशिक्षित माणसाच्या पगाराची तरतूद त्यात आहे का? लंडनने हा खर्च वाचवून पाहिला. त्याची किंमत मुलांनी परीक्षेत मोजली आणि शहराने पोलीस ठाण्यांत.