तळ्यातला पाणभुंगेरा

गावच्या तळ्यावर म्हशी धुताना काळपट हिरव्या रंगाचा, पिवळ्या किनारीचा एक भुंगेरा मी लहानपणी अनेकदा पाहिला होता. 'पाणकिडा' म्हणून आम्ही तो सोडून देत असू. घरात शाळा शिकलेले कोणी नव्हते, विचारणार कोणाला? पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याचे चित्र सापडले आणि कळले की, त्याच्या प्रजातीला सिबिस्टर म्हणतात. हे नाव जॉन कर्टिस या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८२७ साली दिले.

प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. या गटातील जाती अनेक खंडांत पसरल्या आहेत. फिंब्रिओलॅटस ही जाती उत्तर अमेरिकेत, लॅटरालिमार्जिनॅलिस युरोपात, तर कायनेन्सिस जपान, कोरिया व चीनमध्ये आढळते. आपल्याकडील ट्रायपंक्टॅटस सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असून आफ्रिकेपासून आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा वावर आहे.

पाण्यातला कीटक इतका दूर कसा पोहोचला? याचे उत्तर त्याच्या पंखांत आहे. एक डबके आटले की तो रात्री उडून दुसरे गाठतो. वाटेत दिव्याला भुलून तो कधी अंगणातही येऊन पडतो. पाण्यात असताना शेपटीकडचा भाग वर काढून तो कठीण पंखांखाली हवा साठवतो आणि ती शिदोरी घेऊन बुडी मारतो.

मात्र केवळ पाणी असून त्याचे भागत नाही. मादी पाणवनस्पतींच्या देठांत अंडी घालते. अळी पाण्यात शिकार करून वाढते आणि शेवटी काठावरच्या ओल्या मातीत शिरून कोष करते. म्हणजे त्याला पाणी, गवत आणि माती ही तिन्ही लागतात. जपानमध्ये भातशेतीची तळी कमी झाली, कीटकनाशके वाढली, तेव्हा कायनेन्सिस दुर्मिळ होत गेली.

आमच्या तळ्याचे अलीकडे 'सुशोभीकरण' झाले. चारी बाजूंनी काँक्रीटचा काठ बांधला, गवत काढले. पाणी आता स्वच्छ दिसते, पायऱ्याही छान आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस काठावर बसलो. पाणकिडा एकदाही वर आला नाही. त्याचे नाव मला कळले, तेव्हा त्याचे घर गेले होते. तळ्याची एक बाजू तरी मातीची ठेवा, असे ग्रामसभेत सांगायचे मी ठरवले आहे. शिकल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.