दुरुस्त, नादुरुस्त आणि आपण

एकाच ध्येयासाठी झगडलेली माणसे लढ्यानंतर एकमेकांविरुद्ध का उभी राहतात? हा प्रश्न आंबेडकरी समाजाला नवा नाही, आणि तो केवळ आपलाही नाही. ब्रिटिशांशी एकजुटीने लढलेल्या आयरिश राष्ट्रवाद्यांपुढे डिसेंबर १९२१ मध्ये तह आला. मिळाले ते स्वीकारून पुढे जावे, असे मायकेल कॉलिन्स यांचे मत. ब्रिटिश राजाच्या निष्ठेची शपथ डी व्हॅलेरा यांना अमान्य. त्यांच्या संसदेने ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह स्वीकारला. तरीही जून १९२२ ते मे १९२३ पर्यंत कालचे साथी परस्परांशी लढले. त्या दोन बाजूंतून निघालेले पक्ष एका सरकारात एकत्र यायला २०२० साल उजाडले.

आपल्याकडे शस्त्र उचलले गेले नाही; दुरावा मात्र खोलवर गेला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, त्यांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष नागपुरात स्थापन झाला. एन. शिवराज अध्यक्ष झाले. वर्ष-दोन वर्षांतच ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे गट पडले. बी. सी. कांबळे यांच्या दुरुस्त गटाचा भर सनदशीर मार्गावर व सुशिक्षित नेतृत्वावर होता. साम्यवाद्यांशी जवळीक त्याला खटकत असे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा प्रश्न रस्त्यावर नेला. १९६४-६५ चा भूमिसत्याग्रह त्यातूनच उभा राहिला.

संविधान बाबासाहेबांचे, आणि चवदार तळ्याचा सत्याग्रहही बाबासाहेबांचाच. दोन्ही गटांना त्यांचाच आधार होता. म्हणूनच मतभेद हा मतभेद न राहता निष्ठेची परीक्षा ठरला. निवाडा देणारा पुरुष उरला नव्हता, आणि सर्वांनी मानावी अशी निवाड्याची रीत पक्षात रुजली नव्हती. पुढे गटांतून गट निघाले. १९९८ मध्ये ऐक्य झाले, तेव्हा अकोला, अमरावती, चिमूर व उत्तर-मध्य मुंबई येथून पक्षाचे चार खासदार निवडून आले. ते ऐक्यही टिकले नाही.

पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेल्या आपल्या गोंदिया परिसराला एकजुटीचे मोल सांगावे लागू नये. १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत स्वतः बाबासाहेबांना पराभव पत्करावा लागला होता. संख्येने थोड्या असलेल्या समाजाला फूट परवडत नाही.

यावरचा उपाय आपल्याच वारशात आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या सभानियमांचे स्मरण करून दिले होते: ठराव, गणसंख्या, मतदान. मत वेगळे असावे, ते मोकळेपणाने मांडावे, आणि निर्णय झाल्यावर संघ मोडू नये, हे त्यामागचे शिक्षण. आमच्या वसतिगृहात वेगवेगळे गट मानणाऱ्या घरांतील मुले एका पंगतीत जेवतात आणि एकाच सभेत वाद घालतात. तो वाद आम्ही थांबवत नाही; तो कसा मिटवावा, एवढे शिकवतो. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हीच रीत आपापल्या वस्तीत न्यावी, अशी आमची अपेक्षा आहे.