खाल्लेलं कुणाच्या अंगी लागतं?

कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. सोलापुरातल्या एकाच घरात हेच जेवण थोरल्याच्या पोटावर दिसतं आणि धाकट्याच्या मात्र ‘अंगीच लागत नाही’. धाकट्याची चयापचयाची भट्टी धडधडते, थोरल्याची विझत आलेली, असा निवाडा घरातच होतो.

मोजमाप वेगळं सांगतं. माणूस स्वस्थ पडलेला असतानाही हृदय, मेंदू, यकृत, स्नायू इंधन जाळतातच. बैठ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा याचाच. देह मोठा, तसा हा खर्चही मोठा. म्हणजे थोरल्याची भट्टी बहुधा जास्तच जळत असते! ‘चाळिशीनंतर चयापचय मंदावतं’ ही सबबही टिकत नाही. ६,४०० हून अधिक लोकांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२१ च्या अभ्यासात, शरीराचा आकार हिशेबात धरल्यावर, विशीपासून साठीपर्यंत हा वेग जवळपास स्थिर आढळला.

मग फरक पडतो कुठे?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, कुणाची चार किलोंवर गेली. ज्यांची कमी वाढली, त्यांची नकळत होणारी हालचाल वाढली होती. उठबस, चुळबुळ, येरझाऱ्या. यंत्रमागांमध्ये पाळीभर फिरणारा कामगार आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई यांचा ऊर्जेचा जमाखर्च म्हणूनच एक नसतो.

धाकट्याने मात्र लगेच हुरळून जाऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, सारखाच होता: २२.३. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांची २१.२. दोघांचा फोटो आणि हे आकडे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले.

याचं मूळ गर्भातच सापडतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनमधली ३.५ किलोंची. पुणेरी बाळांचे स्नायू कमी भरले. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वर आणली गेली, ती अशाच निरीक्षणांमुळे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरपर्यंत गेला, की वजनकाटा काहीही दाखवो, रक्तातली साखर तपासून घ्यायला डॉक्टर सांगतात. धाकट्यालाही.